चांगल्या लाकडाची

वर्गात कोणी शिंकलं की जनाब शिकवायचं थांबवत. खडू खाली ठेवत, शिंकणाऱ्याकडं तोंड करत आणि छातीवर हात ठेवून म्हणत, "बूद् झ्दरोव!" शिंकणारी बाई असली तर "बूद् झ्दरोवा!" निरोगी राहा, असा त्याचा रशियनमधला अर्थ. पण एवढ्यावर भागत नसे. मग मागं वळायचे, भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या सागवानी फळीवर बोटानं टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि आवाज मनासारखा आला की मगच खडू उचलायचे. खोली लहान, खडूची धूळ भरपूर, आणि दिवस थंडीचे. शिंकांना काय तोटा! तासातला निम्मा वेळ दुवा देण्यातच जायचा. मी मेली तापट. एकदा म्हणाले, "जनाब, आमची तब्येत नंतर बघू. आधी धडा तर उरका."

ते हसले नाहीत. "बाई, धडा तोच आहे," म्हणाले.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी पिशोरची. बाप कापूस-मका करणारा, आणि पोरीला शहरात ठेवून एमेस्सी करू देणारा, म्हणजे तेव्हाच्या मानानं तोही जरा वेडाच. औरंगाबादच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे आणि पीएचडीची स्वप्नं बघायचे. गाईड म्हणाले, तुझ्या विषयावरचं बरंचसं काम रशियनमध्ये छापलंय, ती भाषा शीक. कॉलेजनं रशियनचा वर्ग मंजूर केला होता, पण खोली काही दिली नव्हती. म्हणून शिकवणारे गृहस्थ शहागंजातल्या एका गल्लीत, आपल्याच घराच्या बैठकीत, संध्याकाळी वर्ग भरवायचे. सगळा मोहल्ला त्यांना जनाब म्हणायचा. आम्हीही तेच म्हणू लागलो.

उंच, किडकिडीत माणूस. शेरवानी भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद. तिचा उजवा खिसा कायम पांढरा, कारण खडू त्यात. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला गाव विचारलं. मी "पिशोर" म्हणताच ताडकन उठले.

"पिशोर? मग इकडं या. तुमच्या गावची मंडळी भेटवतो."

मला वाटलं आत कोणी पाहुणे असतील. तर त्यांनी मला भिंतीपाशी नेलं. तिथं सागाच्या जाड, रुंद फळ्या उभ्या होत्या. फळा त्यांनाच टेकवलेला. "ही तुमच्या डोंगरातली. ठोकून बघा." मी ठोकलं. "कसा आवाज आला?" म्हटलं, लाकडाचा आला. "नाही, नाही. खणखणीत आला. आतून कीड असती तर भद्द आला असता." एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले आणि रशियन मुळाक्षरं सुरू झाली. मी मनात म्हटलं, अगं बाई, कुठं येऊन पडले मी!

पिशोर त्यांना कसं ठाऊक, ते मला माझ्या बापाकडून कळलं. पोलीस ॲक्शनच्या आधी जनाब शहरात फारसीचे मास्तर होते. मग निजाम गेला, शाळेचं माध्यम बदललं आणि फारसी शिकायला कोणी पोरगं उरलं नाही. त्यांना नोकरीवरून काढलं नाही, पण ठेवून तरी काय करायचं? म्हणून पिशोरला पाठवलं, चित्रकला आणि कवायत शिकवायला. फारसीचा मास्तर आणि कवायत! माझा बाप सांगायचा, "लई गुणी माणूस व्हता बापडा. मैदानात शेरवानी घालून 'एक-दो, एक-दो' करायचा. पोरं हसायची, पण ह्यानं कधी कुणाला छडी मारली नाय."

पिशोरलाच त्यांना मुलगी झाली. ताहेरा. मुलगी झाली त्याच साली त्यांनी सागवान घेऊन ठेवलं. त्यांच्याकडची रीत होती ती. मुलीच्या निकाहाला बापानं पलंग द्यायचा, आणि लाकूड जितकं मुरलेलं तितका पलंग चांगला, म्हणून ते आधीपासून घेऊन ठेवायचं. मात्र सुताराचा हात त्याला लागायचा तो निकाहाची तारीख ठरल्यावरच. आधी पलंग केला तर अपशकुन. जनाबांची बायको पोर लहान असतानाच वारली. बदली होऊन शहरात परत आले तेव्हा बैलगाडीत सामान थोडं होतं आणि फळ्याच जास्त होत्या, असं बाप सांगायचा.

गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं दुकान होतं. जाता-येता तो दारातून आत डोकावायचा आणि फळ्यांकडं बघून सुस्कारा टाकायचा. "जनाब, कब बनाना? ऐसा माल अब मिलता नै."

"तारीख मुकर्रर होने दो, मिस्त्री."

हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं आम्ही वर्गातलेही कोणाचं काम रखडलं की म्हणायचो, तारीख मुकर्रर होने दो. थट्टा करायचो. काय कळत होतं आम्हाला!

रशियनच का, हे मी त्यांना एकदा विचारलंच. स्वस्तात मिळालेल्या पुस्तकांवरून आणि रेडिओ ऐकून ते ती भाषा चाळिशीनंतर शिकले होते. हाडामासाचा रशियन माणूस त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. म्हणाले, "बाई, माझी एक जुबान एका रात्रीत बिनकामाची झाली. मग मी अशी जुबान शोधली, जी इथं कोणाचीच नाही. ती माझ्याकडून कोण काढून घेणार?" असं म्हणून स्वतःच हसले. त्यांचं हसू मी दोन-तीनदाच पाहिलं असेल.

धडे पुस्तकाप्रमाणं जायचे, पण मधेच जनाबांची गाडी त्या एका शब्दावर यायची. झ्दरोव. निरोगी. फळ्याच्या तळाशी ते एक विचित्र शब्द लिहायचे: सुदोर्वु. त्याच्या डोक्यावर एक तारा काढायचे. आणि तिथून फांद्या फुटल्यागत वर वर रेघा ओढत जायचे. रशियात झ्दरोवी, पोलंडात झ्द्रोवी, चेक लोकांत झ्द्रावी, खाली सर्बिया-बल्गेरियात झ्द्राव. भेटल्यावरचा रशियन नमस्कारही ह्याच घरातला. "एकाच बापाची लेकरं. कोणी उत्तरेला गेलं, कोणी दक्षिणेला. माझा भाऊ कराचीला गेला. त्याची मुलं आता बोलतात ते माझ्या कानाला परकं लागतं. पण नाक आमच्याच घरातलं."

"आणि हा तारा कशाला, जनाब?" बँकेतले एक गृहस्थ वर्गाला यायचे, त्यांनी विचारलं.

"तारा म्हणजे हा शब्द कोणी ऐकलेला नाही. कुठं लिहिलेला सापडला नाही. बोलणारे गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. लेकरांची तोंडं बघून बापाचं तोंड काढलंय."

"मग तो होताच कशावरून?"

"तुमचे खापरपणजोबा होते कशावरून?"

मग जनाब त्या शब्दाचे दोन तुकडे करून दाखवायचे. पहिला 'सु', आपल्या सुगंधातला, सुदिनातला. दुसरा म्हणजे लाकूड. देवदारातला दारु. निरोगी म्हणजे चांगल्या लाकडाचा. "चांगली दारू म्हणा की!" बँकवाले म्हणाले आणि वर्ग फिदीफिदी हसला. जनाबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काही पंडितांना हा लाकडाचा संबंध मान्य नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "असतील ते बरोबर. मी लाकडाच्या बाजूचा आहे." आणि वळून फळीवर टकटक.

मला तो सगळा खुळचटपणा वाटायचा. माझं काम होतं रशियन पेपर वाचण्याशी. मेलेल्या शब्दाचं गोत्र घेऊन मी काय करू? पण मग मी ताहेराला भेटले.

वर्गाच्या मधल्या वेळात आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अब्बा, चाय हो गई." जनाब उठून स्वतः ट्रे आणायचे. एकदा मी म्हटलं, बसा तुम्ही, मी आणते, आणि पडदा सारून आत गेले. खाटेवर भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती, माझ्याच वयाची. गोरीपान, पण ओठांवर निळसर छाया. स्टोव्ह खाटेला लागूनच, बसल्या बसल्या हात पोचेल असा. तेवढा चहा करायचाही तिला दम लागला होता.

"तू पिशोरवाली ना? वर्गात भांडते ती?" म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"भिंत पतली आहे गं. सगळं ऐकते मी. रशियन मलाही येते आता. फक्त कोणाला नमस्कार करायला बाहेर जाता येत नाही."

तिथून आमची दोस्ती झाली. वर्गाच्या आधी तासभर मी तिच्यापाशी जाऊन बसायचे. लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, ताप यायचा. त्या दुखण्यानं पुढं हृदयाची झडप खराब केली. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं असतं तर कदाचित, पण आता तेही झेपणार नाही. हे जनाबांना ठाऊक होतं, ताहेरालाही ठाऊक होतं. दोघं एकमेकांशी त्याविषयी चकार शब्द बोलत नसत. स्थळं यायची, मुलीला श्वास घेताना बघायची आणि चहा पिऊन जायची.

आडवं झालं की तिचा जीव गुदमरायचा. खाट सुतळीची, मधे झोळ पडलेली. तिच्यावर झोपायला गेलं की छाती दाबली जायची. म्हणून ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची. तिच्या ओढणीला पाठीमागं कायम चुना लागलेला असायचा. मी झटकून द्यायचे.

एक दिवस ती म्हणाली, "एक काम करशील? अब्बाकू बोल, पलंग बनवा म्हणून. निकाह-बिकाह नक्को मेरेकू. फक्त उंच सिरहाना पाहिजे, तक्के लावून टेकता येईल असा. घट्ट, न झुलणारा. मला झोपायचंय गं. एकदा नीट झोपायचंय."

"तू का नाही बोलत?"

"बोल्ले ना मी. किती बार बोल्ले. म्हणतात, तारीख ठरू दे." मग जरा थांबून, श्वास गोळा करून म्हणाली, "कोणी न पाहिलेला शब्द दिसतो त्यांना. खाटेवर बसलेली मी दिसत नाही."

मी तशीच बाहेर आले. वर्ग सुरू व्हायचा होता, जनाब एकटेच फळा पुसत होते. मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "जनाब, तो पलंग करून टाका. पोरीला झोप नाही."

ते फळा पुसतच राहिले. "असा करत नसतात, बाई. तारीख ठरल्याशिवाय नाही."

"मग तारखेशिवाय करा. कोण विचारतंय?"

"मोहल्ला विचारील. उद्या मिस्त्रीच्या रंध्याचा आवाज गल्लीत गेला तर लोक काय समजतील? की बापानं हात टेकले. आता हिचं लग्न नाही, काही नाही." त्यांनी पुसणं थांबवलं. "आणि लोक जाऊ द्या. तिला काय कळेल? रंधा फिरला की तिला कळेल, अब्बानं मानलं म्हणून."

"अहो, तीच मागतेय पलंग!"

"ती बरी होईल. झ्दरोवा होईल. मग बनवू." आणि त्यांनी फळीवर टकटक केलं. आवाज खणखणीत आला. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ऐका, साक्ष मिळाली.

मला इतका संताप आला! मी म्हटलं, "लाकूड निरोगी आहे हो जनाब, पोरगी नाही." एवढं कडू मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. मला नाही वाटत तसं. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण उपयोग झाला नाही. ते फळ्याच्या तळाशी तारा काढू लागले, आणि वर्गातली मंडळी येऊन बसली.

मी पिशोरहून दोन मोठे लोड भरून आणले आपल्याच कापसाचे. त्यांच्या आधारानं ती थोडी टेकायची. पण खालची खाट ती खाटच. लोड झोळात घसरायचे, आणि ती पुन्हा भिंतीला पाठ लावायची. हसून म्हणायची, "तुझा कापूस चांगला आहे गं. लाकूड पाहिजे होतं."

थंडी संपता संपता ती गेली. सकाळच्या वेळी, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच. निरोप आला तशी मी धावले. बायकांनी आत तिला आंघोळ घातली, कफन नेसवलं. मी पडद्याशी उभी होते. माझ्याच्यानं आत बघवत नव्हतं आणि बाहेरही. बैठकीत पुरुषमंडळी जमली होती. त्यांच्याकडं माती देताना देहावर थेट माती पडू नये म्हणून कबरीत आडव्या फळ्या घालतात. कोणी म्हणालं, वखारीत माणूस पाठवा, आंब्याच्या फळ्या घेऊन येईल.

"फळ्या घरात आहेत," जनाब म्हणाले.

मग त्यांच्या नात्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "जनाब, सागवान कोई डालता क्या? ये तो बरसों सडता नै."

"म्हणूनच."

मिस्त्री दारातच उभा होता. जनाब त्याच्याजवळ गेले. मी त्यांचं तोंड पाहिलं, त्यात काहीच नव्हतं. त्यांनी शेरवानीच्या पांढऱ्या खिशातून खडू काढून मिस्त्रीच्या हातात दिला, मापाच्या खुणा करायला, आणि म्हणाले, "मिस्त्री, तारीख मुकर्रर हो गई."

तो दांडगा माणूस तिथंच मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडायला लागला. मग उठला. अंगणात करवत चालू झाली. सागाचा वास घरभर पसरला, आतल्या खोलीतसुद्धा, ती होती तिथंपर्यंत. इतकी वर्षं ती ज्या लाकडावर झोपायचं म्हणत होती, त्याचा वास. आत बायका कुराण वाचत होत्या आणि मी पडद्यात तोंड खुपसून हंबरडा फोडला. कोणी मला गप्प केलं नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर वर्ग पुन्हा भरला. जायला नको, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं, पण निरोप त्यांचाच होता. फळा आता नुसत्या भिंतीला टेकवलेला. जिथं फळ्या होत्या तिथला चुना बाकी भिंतीपेक्षा उजळ दिसत होता. धडा सुरू झाला. आणि नको तेच झालं, बँकवाल्यांना शिंक आली. त्यांनी रुमालात दाबली, तरी आलीच.

जनाबांनी खडू खाली ठेवला. छातीवर हात ठेवला. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. सवयीनं ते मागं वळले, बोट उचललं आणि ठोकलं. भिंतीवर. आवाजच आला नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग बोटाला लागलेला चुना बघत राहिले. मला त्या क्षणी ताहेराची ओढणी आठवली आणि मी मान खाली घातली.

"किताब खोलो," ते म्हणाले.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं होतं. तीही सांगत होती. मी ऐकलं नाही. मला वाटलं, लाकूड राखलं म्हणजे पोर राखली." मी त्यांचा हात धरला. तोवर मी कधी परक्या पुरुषाचा हात धरला नव्हता.

ते पुढं फार वर्षं राहिले नाहीत. वर्ग बंद पडला, मीही लग्न होऊन पुन्हा पिशोरच्या बाजूलाच आले. पीएचडी राहून गेली, रशियन तर पार विसरले. जनाब गेल्याचं मला गेल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं. त्या ताऱ्याच्या शब्दाला निदान लेकरं होती, तोंडं बघून बापाचं तोंड काढायला. जनाबांच्या मागं कोणी राहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी लेक शाळेत होती तेव्हाच मी तिला पलंग करून घेतला. सागवानी, उंच सिरहान्याचा. पोर धडधाकट, कसलं दुखणं ना खुपणं. सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "अगं, लग्न ठरायच्या आधी पलंग? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणू द्या. पोरीला आज झोप येतेय ना? आज झोपू द्या."

पहिल्या दिवशी ती त्यावर लोळली आणि नव्या लाकडाच्या भुशानं तिला सटकन शिंक आली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बूद् झ्दरोवा." पोरगी म्हणाली, "हे काय गं आई?" मी सिरहान्यावर बोटानं ठोकून बघितलं. मग तिच्याशेजारी जाऊन आडवी झाले आणि तिला ताहेराची गोष्ट सांगायला लागले.